डायलवाली टायमिंग लाइट, दोन वर्षं वापरल्यावर

तीस वर्षं मी टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी नेमकी कधी पडावी ते, कानाने लावलं. डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाचा, बोल्ट अर्धा सैल करायचा, इंजिन चालू ठेवून डिस्ट्रिब्युटर हाताने हलके फिरवत राहायचं. आवाज चढत जातो आणि एका जागी येऊन मोकळा होतो. तिथून केसभर मागे घ्यायचं, बोल्ट आवळायचा, गाडी चढावर न्यायची आणि तिसऱ्या गिअरला पाय दाबायचा. खडखडली तर अजून केसभर मागे. हा ‘केस’ म्हणजे किती अंश, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही कधी मोजलं नाही.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी कान तपासले तेव्हा कळलं, वरच्या पट्टीतले आवाज मला जवळजवळ ऐकूच येत नाहीत. वयानुसार आधी हीच पट्टी जाते. आता दुर्दैव बघा. माझ्या इंजिनचं बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८४ मिलिमीटर आहे, आणि एवढ्या सिलिंडरमधल्या नॉकिंगचा (मिश्रण अवेळी स्वतःहून पेटल्याच्या खडखडीचा) मूळ स्वर साधारण साडेसहा ते सात हजार हर्ट्झला असतो. म्हणजे जो आवाज ऐकून मी आयुष्यभर टायमिंग मागे घेत आलो, नेमका तोच गेला होता. त्या महिन्यात मी समाधानाने गाडी चालवत होतो आणि शेजारी बसलेली मुलगी म्हणत होती, “बाबा, इंजिनात कोणीतरी खडे टाकतंय.”

म्हणून हा दिवा घेतला. नाव लिहीत नाही, कारण हाच ढाचा वेगवेगळ्या लेबलांखाली मिळतो आणि मला कुणाची जाहिरात किंवा बदनामी करायची नाही. ओळख पटावी म्हणून वर्णन देतो: पिस्तुलासारखी मूठ, पुढे भिंग, आत झेनॉनची नळी, पाठीवर छोटा पडदा. बॅटरीला लावायच्या दोन चिमट्या, लाल आणि काळी, आणि एक नंबरच्या प्लगच्या वायरवर बसणारा जाड क्लॅम्प. पडद्यावर आरपीएम, अंश आणि बॅटरीचे व्होल्ट दिसतात. अंश वाढवायला-कमी करायला दोन बटणं आहेत (यालाच ‘डायल’ म्हणतात), आणि बाजूला टू-स्ट्रोक-फोर-स्ट्रोकचा एक सरकता खटका. त्या खटक्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. त्याबद्दल पुढे.

ज्यांनी हे कधी वापरलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्लगच्या वायरमधून करंट गेला की क्लॅम्पला तो कळतो आणि दिवा त्याच क्षणी एकदा लखलखतो. दर ठिणगीला एक लख्ख, त्यामुळे क्रँकवर (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावर) गरगर फिरणारी पुली डोळ्याला थांबलेली दिसते आणि तिच्यावरची खूण ठिणगी पडताना कुठे होती ते वाचता येतं. यंत्रं अशी ‘थांबवून’ बघण्याची युक्ती हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३१ साली एमआयटीत विद्युत-झोतावर बसवली. डायल असलेल्या दिव्यात एक जादा सोय असते. तुम्ही ३० अंश लावले तर लख्ख तेवढ्या अंशांनी उशिरा पडतो. खूण शून्यावर येईपर्यंत बटण दाबत जायचं आणि पडद्यावरचा आकडा वाचायचा, तोच तुमचा ॲडव्हान्स, म्हणजे पिस्टन वर पोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते. साध्या दिव्याला मात्र पुलीवर अंशांची पट्टी चिकटवावी लागते.

पहिल्याच दिवशी या दिव्याने मला तोंडघशी पाडलं.

गाडीची कहाणी थोडी सांगतो, नाहीतर पुढचे आकडे हवेत राहतील. १६०० सीसी, चार सिलिंडर, प्रत्येकी दोन व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटर. हेड घासून कॉम्प्रेशन साडेआठवरून ९.८ वर नेलं आहे. कॅम बदलला आहे, व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा. एक्झॉस्ट मोकळा केला आहे. डिस्ट्रिब्युटर मूळचाच, फक्त ठिणगी पाडणारे पॉइंट काढून आत इलेक्ट्रॉनिक सेन्सर बसवला आहे. पुस्तकात आयडलिंगला (पाय न देता इंजिन संथ चालताना) १० अंश लिहिले आहेत, टॉप डेड सेंटरच्या, म्हणजे पिस्टन अगदी वर असतो त्या जागेच्या, आधी. माझ्या कानाने लावलेलं टायमिंगही त्याच्या आसपास असणार असा माझा विश्वास होता.

डिस्ट्रिब्युटरला येणारी व्हॅक्यूमची नळी काढली, तोंड बंद केलं, आयडलिंग ८०० वर आणलं आणि दिवा धरला. १९ अंश.

मला वाटलं, कान गेले ते गेले, आता हातही गेला. दिव्यावर विश्वास ठेवून डिस्ट्रिब्युटर फिरवला, खूण १० वर आणली, बोल्ट आवळला. गाडी बाहेर काढली तर तिच्यात जीवच नाही. पिकअप मेलेला, पाय दाबला की आधी विचार करायची आणि मग निघायची. पंधरा मिनिटांत टेंपरेचरचा काटा वर. बॉनेट उघडलं तर मॅनिफोल्डच्या बाजूने अंगावर भट्टीसारखी धग आली. ठिणगी फार उशिरा पडतेय याची ही सगळी लक्षणं. मिश्रण पिस्टन खाली जात असताना जळत राहतं, त्याची शक्ती क्रँकला न मिळता एक्झॉस्टला आणि पाण्याला मिळते. मला हे माहीत होतं. पण आकडा समोर दिसत असला की माणूस स्वतःला माहीत असलेलं विसरतो. दिवा भिकार आहे असं ठरवून मी तो खोक्यात परत घालायला निघालो होतो.

मुलगीच म्हणाली, “खूण बरोबर आहे हे कशावरून?”

क्रँकच्या पुढची पुली दोन भागांची असते, आतला गाभा आणि बाहेरचं जड कडं, मध्ये रबराचा थर. क्रँकची थरथर शोषायला ती तशी केलेली असते. रबर म्हातारं झालं की बाहेरचं कडं गाभ्यावर सरकतं, आणि टायमिंगची खूण नेमकी बाहेरच्या कड्यावर असते. पुली बघून काही कळत नाही. ती फिरते, पट्टा ओढते, तिची काहीच तक्रार नसते.

खरा टॉप डेड सेंटर शोधायची रीत जुनी आणि सोपी आहे. बॅटरीची वायर काढायची. सगळे प्लग काढायचे. एक नंबरच्या प्लगच्या भोकात पिस्टन अडेल असा स्टॉपर आट्यांवर फिरवून बसवायचा. मी जुन्या प्लगचं पोर्सलीन फोडून काढलं आणि त्याच्या पोटातून गोल टोकाचा बोल्ट बसवला. मग क्रँकच्या बोल्टवर पाना लावून हाताने सावकाश फिरवायचं. पिस्टन अडला की थांबायचं आणि स्थिर काट्यासमोर पुलीवर एक रेघ मारायची. मग उलट्या दिशेने फिरवायचं, पुन्हा अडला की दुसरी रेघ. दोन रेघांचा बरोबर मध्य म्हणजे खरा टॉप डेड सेंटर. स्टार्टरला मात्र या वेळी हात लावायचा नाही, पिस्टनला भोक पडेल. नुसत्या डोळ्याने किंवा भोकात पेचकस घालून हे नेमकं का होत नाही, तर अगदी वर पोचल्यावर क्रँक कित्येक अंश फिरला तरी पिस्टन जागचा हलल्यासारखा वाटत नाही.

माझ्या दोन रेघांमध्ये परिघावर ९४ मिलिमीटर अंतर आलं. मध्य ४७ वर. कंपनीची खूण त्या मध्यापासून १२ मिलिमीटर सरकलेली. पुलीचा व्यास १५० मिलिमीटर, म्हणजे परीघ सुमारे ४७१, म्हणजे एका अंशाला १.३१ मिलिमीटर. १२ मिलिमीटरचे झाले नऊ अंश. दिव्याने १९ दाखवले तेव्हा प्रत्यक्षात १० होते, आणि मी ‘दुरुस्त’ केल्यावर उरला होता १. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात. इथे अंगण खरोखरच नऊ अंशांनी वाकडं होतं.

(कानाने लावलेलं टायमिंग पुस्तकातल्या १० वर नेमकं होतं, हे मी घरात सगळ्यांना दोन-दोनदा सांगितलं.)

पुली बदलली. नव्या पुलीवरही स्टॉपर लावून पुन्हा तपासलं. नवी खूण पांढऱ्या रंगाने, केसासारखी बारीक रंगवली. जाड रेघ मारली की दोन अंश तिच्या जाडीतच हरवतात. आणि दिवा धरताना डोळा काट्याच्या सरळ रेषेत हवा. बाजूने वाकून वाचलं की आणखी एक-दोन अंशांचा घोळ.

एवढं झाल्यावर खरं काम सुरू झालं, आणि हा दिवा तिथे कामाला आला. नुसतं आयडलिंगचं टायमिंग लावायचं असेल तर डायलची काही गरज नाही, साधा दिवा पुरतो. पण फेरफार केलेल्या इंजिनला पुस्तकातले आकडे लागू पडत नाहीत. तिथे पूर्ण चढण मोजावी लागते, आयडलपासून ॲडव्हान्स थांबेपर्यंत.

मिश्रण जळायला वेळ लागतो, आणि त्या वेळात क्रँक थांबत नाही. १००० आरपीएमला एका मिलिसेकंदात क्रँक ६ अंश फिरतो, ६००० ला ३६ अंश. सिलिंडरमधला सर्वांत मोठा दाब पिस्टन वरून खाली निघाल्यावर साधारण १५ अंशांच्या आसपास यायला हवा, तेव्हा क्रँकला उत्तम रेटा मिळतो. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आधी पाडायची. पूर्वी हे काम चालकच करायचा. १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या फोर्ड मॉडेल टीच्या स्टिअरिंगखाली डाव्या बाजूला त्यासाठी एक दांडी होती, आणि ती मागे न घेता हँडल मारणाऱ्याचा हात मोडायचा. पुढे तेच काम डिस्ट्रिब्युटरमधली, वेग वाढला की बाहेर फेकली जाणारी वजनं आणि त्यांना आवरणाऱ्या स्प्रिंगा करू लागल्या.

मी इंजिनात जे बदल केले ते टायमिंगला दोन उलट्या दिशांना ओढतात. कॉम्प्रेशन वाढलं की मिश्रण जास्त दाबलं जातं, जास्त तापतं, ज्वाला लवकर पसरते. तिथे ॲडव्हान्स कमी लागतो. नवा कॅम कमी वेगाला नेमकं उलट करतो. व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ वाढल्यामुळे जळालेला वायू ताज्या मिश्रणात मिसळतो, इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटल्यामुळे भरणंही कमी होतं, आणि असं पातळ झालेलं मिश्रण रेंगाळत जळतं. आयडलिंगला त्याला ठिणगी लवकर हवी असते. १० अंशांवर माझं इंजिन लंगडत होतं. १६ वर नेलं तसं व्हॅक्यूम गेजचा काटा १२ इंचांवरून १४ वर गेला आणि लंगडणं बरंच थांबलं. ॲडव्हान्स वाढवला की आयडलिंगही वाढतं, त्यामुळे दर वेळी स्क्रूने ते खाली आणून पुन्हा मोजायचं. नाहीतर वजनं आधीच उघडायला लागलेली असतात आणि आपण खोट्या पायावर घर बांधतो.

बहुतेक जण इथेच थांबतात, आणि पिस्टन इथेच फुटतात. माझा डिस्ट्रिब्युटर स्वतःचे १२ अंश देतो. तो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे क्रँकवर २४. मूळच्या १० मध्ये २४ मिळवले की ३४, आणि जुन्या पद्धतीच्या दोन-व्हॉल्व्ह हेडला ३० ते ३६ च्या मधे कुठेतरी समाधान असतं. पण पाया १६ केला की वर ४० होतात. आयडलिंगला गोड चालणारी गाडी हायवेवर स्वतःचे पिस्टन खाते, आणि चालवणाऱ्याला रेडिओच्या आवाजात पत्ताही लागत नाही. उपाय एकच, वजनांची धाव कमी करायची. मी डिस्ट्रिब्युटर उघडून ॲडव्हान्सच्या खाचेत पितळेची छोटी बुश बसवली. तीन वेळा कानशीने घासून, तीन वेळा बसवून, तीन वेळा मोजून १२ चे ९ झाले. १६ अधिक १८, एकूण ३४.

यातली प्रत्येक मोजणी या दिव्याने काही मिनिटांत झाली. मुलगी ॲक्सिलरेटर धरून आकडे ओरडायची, मी बटण दाबत खूण शून्यावर आणायचो आणि भिंतीवर खडूने लिहायचो. साध्या दिव्याने आणि पट्टीने हेच काम मी पूर्वी एकदा केलं होतं. पट्टीवरचे बारीक आकडे वाचताना डोळ्यांतून पाणी आलं होतं. झेनॉनचा लख्ख इतका आखूड असतो की ३५०० आरपीएमलाही रेघ चाकूने कापल्यासारखी दिसते. शेजारच्यांचा एलईडीचा दिवा तुलनेला आणून पाहिला. त्यात रेघेला शेपूट फुटत होतं आणि दिवसा तो जवळजवळ दिसतच नव्हता. सगळे एलईडी दिवे असेच, असं म्हणणार नाही, पण माझ्यासमोरचा तो तसा होता.

आता तक्रारी.

पहिली आणि मोठी, क्लॅम्प. सात मिलिमीटरच्या साध्या वायरवर तो छान बसतो. माझ्या गाडीला जाड सिलिकॉनच्या साडेआठ मिलिमीटरच्या वायरी आहेत, त्यांच्यावर त्याचे दोन जबडे पूर्ण मिटत नाहीत. मधे कागदाएवढी फट राहिली तरी दिवा लख्ख गाळतो. दोन संध्याकाळी मी इंजिन मिस करतंय समजून प्लग बदलत बसलो होतो. मिस दिवा करत होता. शेवटी एक नंबरसाठी साधी सातची वायर वेगळी ठेवली आहे, मोजणीपुरती लावतो. जबड्यांच्या आतल्या फेराइटवर तेलाचा थर बसला तरी हेच होतं, दर वेळी पुसून घ्यावं लागतं. आणि क्लॅम्पवरचा बाण प्लगच्या दिशेला हवा. हे पत्रकात एका ओळीत, मुंगीच्या अक्षरात लिहिलं आहे.

दुसरी, पडदा. उन्हात वाचता येत नाही, आणि मुठीवरचा चाप सोडला की आकडा गायब. दोन हात, एक पडदा, एक खूण आणि एक ॲक्सिलरेटर, हे गणित एकट्या माणसाचं नाही. शेवटचा आकडा दहा सेकंद तरी धरून ठेवायला काय हरकत होती?

तिसरी तक्रार या एका दिव्याची नाही, सगळ्या डायलवाल्यांचा तो स्वभाव आहे. उशीर किती करायचा हे दिवा मागच्या फेऱ्याच्या वेळेवरून ठरवतो. पुढचा फेरा तेवढ्याच वेळात होईल असं तो धरून चालतो. रेस स्थिर असेल तर माझ्या दिव्याचा आकडा पट्टीशी एका अंशाच्या आत जुळला, १००० पासून ३५०० पर्यंत. पण रेस चढती असताना वाचलं तर दोन-तीन अंशांनी नाचतो. त्याच कारणाने लंगड्या आयडलिंगलाही खूण थरथरते, कारण दोन फेरे सारखे नसतातच. त्यामुळे आयडलिंग मी डायल शून्यावर ठेवून, पट्टीवर वाचतो. वरचं टोटल, म्हणजे पूर्ण ॲडव्हान्स, डायलने, रेस तीन-चार सेकंद एका जागी धरून.

मित्राच्या गाडीत एकाच फेऱ्याला अनेक ठिणग्या पाडणारा इग्निशन बॉक्स आहे. तिथे हा दिवा पार गोंधळला. त्या बॉक्समध्ये कमी वेगाला एका ठिणगीच्या जागी ठिणग्यांची माळ पडते, दिव्याला कुठली मोजायची कळत नाही, पुलीवर खुणेची भुतं दिसतात. डायल शून्यावर ठेवून आणि पट्टी लावून काम भागवलं. असा बॉक्स असेल तर डायलवाला दिवा घेऊच नका, साधा घ्या.

आणि तो बाजूचा खटका. ज्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर नसतो आणि एक कॉइल दोन प्लग एकदम पेटवते, तिथे प्लगला क्रँकच्या दर फेऱ्याला ठिणगी मिळते, एक कामाची आणि एक एक्झॉस्टच्या वेळी वाया. फोर-स्ट्रोकवर असलेला दिवा दोन फेऱ्यांना एक ठिणगी धरून हिशेब करतो. परिणामी आरपीएम दुप्पट दाखवतो आणि अंशही दुप्पट. खरे १५ असले तर ३० वाचाल. खटका टू-स्ट्रोकवर सरकवला की हिशेब जुळतो. पत्रकात याचा उल्लेख नाही. एखाद्याने ३० बघून घाबरून टायमिंग मागे घेतलं तर त्याची माझ्यासारखीच भट्टी होणार.

ज्यांच्याकडे प्रोग्रॅम करता येणारं ईसीयू (इंजिनचा संगणक) आहे त्यांना वाटतं आता दिव्याचं काय काम, लॅपटॉपवर आकडा दिसतोच की. तो आकडा ईसीयूने मागितलेला असतो. ठिणगी खरंच तिथे पडते का, हे दिवाच सांगतो. त्याच मित्राच्या दुसऱ्या गाडीत टायमिंग १५ वर कुलूपबंद करून तपासलं. आयडलला १५ बरोबर आले, पण रेस वाढवली तशी खूण सरकत गेली. कुलूप लावलेलं टायमिंग सरकायलाच नको. क्रँक सेन्सरच्या दोन वायरी उलट जोडलेल्या निघाल्या. पडद्यावर सगळं आलबेल होतं.

एक धोका स्वतंत्र सांगायला हवा. दिव्यात पुली थांबलेली दिसते, तसा कधीकधी पंखाही थांबलेला दिसतो. माझ्या दिव्याच्या नाकावर एक खोल ओरखडा आहे, तो त्याचाच. बोट असतं तर काय, या विचाराने आजही पोटात गोळा येतो. बाह्या दुमडा, वायरी पट्ट्यापासून दूर बांधा, एक्झॉस्टवर क्लॅम्पची वायर टेकू देऊ नका.

आता दिवा काय करू शकत नाही, ते. ठिणगी कुठे पडते हे तो सांगतो. कुठे पडायला हवी, हे त्याला ठाऊक नाही. ३४ हा आकडा मी अंदाजाने धरला होता. मग रिकाम्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरला ताशी ६० ते ९० किलोमीटर, थांबघड्याळ मुलीच्या हातात, प्रत्येक टायमिंगला तीन धावा. ३२ अंशांना सरासरी ८.४ सेकंद, ३४ ला ८.१, ३६ ला पुन्हा ८.१. म्हणजे ३४ च्या पुढे मिळत काही नाही, फक्त जोखीम वाढते. ३४ वर आवळलं. प्लग काढून पाहिले, पोर्सलीनवर पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे चमकते कण कुठे नव्हते. मी खूश.

पण चढावर, अर्ध्या वेगात, पाय पूर्ण दाबल्यावर मुलगी पुन्हा म्हणाली, खडे. मला अर्थातच शांतता. साधारण २२०० आरपीएम. मी टोटल दोन अंश मागे घ्यायला निघालो होतो, ती म्हणाली वरच्या वेगाला तर आवाज येत नाही, मग वरचं का कमी करायचं? बरोबर होतं तिचं. कमी वेगाला कोपऱ्यातल्या न जळलेल्या मिश्रणाला स्वतःहून पेटायला जास्त सवड मिळते, म्हणून नॉकिंग तिथे आधी पकडतं. दोष मधल्या चढणीत होता. दिवा लावून मोजलं. मूळच्या जागी मी लावलेल्या हलक्या स्प्रिंगांमुळे १५०० ला २२, २००० ला २८ आणि २५०० लाच पूर्ण ३४. ॲडव्हान्स फार घाईने येत होता. दोनपैकी एक स्प्रिंग मूळची जाड लावली. आता १५०० ला १९, २००० ला २४, २५०० ला २९, आणि ३००० ला ३४. २२०० च्या जागी चार अंश कमी झाले, वरचं टोक तेच राहिलं. हे काम कानाने माझ्या तरुणपणीही झालं नसतं. डिस्ट्रिब्युटर फिरवला की सगळी चढण एकदम मागे-पुढे होते, तिचा आकार दिसत नाही.

पाचपैकी चार तारे. अर्धा क्लॅम्पसाठी कापला, अर्धा त्या पत्रकासाठी. साधी, फेरफार न केलेली गाडी असेल तर एवढा दिवा नको. कॅम बदलला असेल, हेड घासलं असेल, डिस्ट्रिब्युटर अजून जागेवर असेल, तर घ्या. पण पिस्टन स्टॉपर आधी बनवा.

स्प्रिंग बदलल्यावर त्याच चढावर पुन्हा गेलो. मुलीने काच खाली केली आणि कान बाहेर काढला. मी तिसऱ्या गिअरला पाय खाली दाबला, काटा २००० वरून २५०० वर गेला. मी विचारलं, “काय?” तिने हात वर करून मला गप्प केलं. अजून जरा ऐकलं.

“पंखा वाजतोय,” ती म्हणाली. “बाकी काही नाही.”